मरियमची मूठ

१

कामावर आल्या आल्या वर्दिया आधी खिडक्यांच्या फळ्या लावून घ्यायची. वाळवंटातल्या उन्हाळ्यात घर पहाटे उघडायचं आणि ऊन वर आलं की मिटून टाकायचं, हे ती लग्न होऊन उत्तरेच्या डोंगरांतून दक्षिणेत आली त्या पहिल्याच वर्षी शिकली होती. मग एकेक लोखंडी कपाट उघडायचं. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर यायचा. जाड कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या झाडांना कसर लागलीय का, डिंक सुटलाय का, एवढं बघायचं आणि पुढच्या कपाटाकडे वळायचं.

सगळ्या सहारात हिंडून माणसांनी गोळा केलेली झाडं त्या खोलीत होती. गवतं गवतांत, बाभळी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत. कोण कुणाचं कोण, हे एकदा ठरलं की ठरलं. बाळंतपणाचे चाळीस दिवस घरात काढून ती परत आली होती, ती या खोलीच्याच ओढीने. गावातल्या बायका भेटल्या की आधी तिच्या तोंडाकडे बघायच्या, मग तिच्या रिकाम्या हातांकडे. इथे कुणी बघत नव्हतं.

त्या सकाळी तिने मोहरीच्या कुळाचं कपाट उघडलं. मोहरी, मुळा, कोबी यांची वाळवंटातली गरीब भावंडं त्यात होती. सगळ्यात खालच्या फळीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांत कफ मरियम, म्हणजे मरियमची मूठ. हे झाड कागदावर दाबून बसवता येत नाही. वितीएवढं झुडूप, वाळलं की त्याच्या फांद्या आत वळतात आणि लाकडाची घट्ट मूठ होते. पाणी लागलं की मूठ उघडते, सुकली की पुन्हा मिटते. झाड मरून कितीही वर्षं झालेली असोत.

एका खोक्याचं झाकण जरासं उचललं गेलं होतं. वर्दियाने ते काढलं. आतली मूठ उघडी होती. सगळ्या फांद्या पसरून, तळहात वर करून, खोक्यात पडून होती.

तिने शेजारची खोकी उघडली. त्यातल्या मुठी मिटलेल्या होत्या.

२

"सी लार्बी, काल कूलर चालू राहिला होता का?"

लार्बी त्या वनस्पती संशोधन केंद्राचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, पण सहारातलं कुठलंही काटेरी झुडूप नुसत्या वासावरून ओळखणारे. सगळे त्यांना मानाने सी लार्बी म्हणत. ते डोक्यावर ओला पंचा टाकून बसले होते.

"कूलर? अगं पोरी, त्याची मोटर जळून किती दिवस झाले. हा पंचा काय मी हौसेने घेतलाय?"

"एक कफ मरियम उघडलीय."

"मग तू हात लावला असशील. तुम्ही काबीलच्या डोंगरातली माणसं, तुमच्या हाडांतच ओल असते. तू नुसती जवळ उभी राहिलीस तरी इथली झाडं फसतात, त्यांना वाटतं पाऊसच आला!"

ते आपल्याच विनोदावर मोठ्याने हसले. मग कफ मरियम कशासाठी वापरतात ते त्यांना आठवलं असावं. हसू अर्ध्यावरच राहिलं. "छप्पर गळत असेल," ते म्हणाले. "बघतो मी."

छप्पर गळायला गेल्या हिवाळ्यापासून पाऊस पडला नव्हता. संग्रहाच्या खोलीत ओल मोजायचं यंत्र भिंतीवर होतं, त्याचा काटा तळाला टेकलेला. वर्दियाने काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही.

ती परत खोक्यापाशी गेली. एका बाजूची बारीक फांदी मोडलेली दिसली, आणि तेव्हा तिला कळलं की ही कुठली मूठ आहे. ती फांदी तिच्याच हातून मोडली होती.

खोकं हातात असतानाच आतून आवाज आला. वाळक्या काडीवर कुणी सावकाश नख ओढावं तसा. आणि त्याच क्षणी तिची छाती भरून आली, तट्ट झाली, आणि अंगरखा ओला झाला.

तिचं दूध आटून गेलं होतं. सासूने कोबीची पानं बांधून ते आटवलं होतं. हेही मोहरीचंच कूळ, तेव्हाही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

शरीराला उशिरा कळतं, तिने स्वतःला समजावलं. बाकी काही नाही.

३

दिवस भरत आले तेव्हा सासूनेच विषय काढला होता. मबरूका, सगळे मानाने लल्ला म्हणत ती, गावात अर्ध्या मुलांच्या जन्माला हजर असलेली बाई.

"एवढी शिकलीस, झाडांच्या कपाटांत बसतेस, आणि घरात एक कफ मरियम नाही! उशाशी पाण्याच्या वाडग्यात ठेवायला नको? ती उघडते तशी बाई सुटते."

"लल्ला, ते मेलेलं लाकूड असतं. पाण्याने फुगतं म्हणून उघडतं. त्याचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?"

"मग फुगू दे ना. तुझ्या खिशातून काही जातंय का?"

वर्दिया हसली होती. केंद्रात जास्तीच्या मुठी पडलेल्या होत्या, त्यातली एक तिने पिशवीत घालून आणली. घालताना एक फांदी मोडली.

कळा सुरू झाल्यावर लल्लांनी पितळी वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि मूठ त्यात ठेवली. नर्स आली. दुपार झाली. मूठ मिटलेली. लल्लांनी पाणी बदललं, गरम केलं, पुन्हा बदललं. नवऱ्याला, तय्यबला, दाराबाहेरून त्यांची पावलं ऐकू येत होती. दोन कळांच्या मध्ये वर्दिया मान वळवून वाडग्याकडे बघायची. उघडेल, ती स्वतःशी म्हणायची. न उघडून जाईल कुठे? भिजलेल्या लाकडाला दुसरा मार्गच नसतो. बघता बघता वाडग्याचीच भीती वाटायला लागली. ते झाड मेलेलं होतं, त्याला नाही म्हणता यायला नको होतं.

मुलगी झाली. काळंभोर जावळ, दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या. ती रडली नाही. नर्सने तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. लल्ला वाडग्याकडे बघत होत्या.

तय्यब तिला कापडात गुंडाळून घेऊन गेला आणि मोकळ्या हातांनी परत आला. वर्दियाने तिला एकदाच पाहिलं होतं. बोट तिच्या मुठीत सरकवायला गेली होती, पण मूठ उघडेना. जोर लावायचा धीर झाला नाही.

नंतर लल्लांनी ती मरियमची मूठ फडक्यात बांधून तय्यबच्या हातात दिली. "जिथून आणली तिथे ठेवून ये. घरात नको."

तेव्हाही ती मिटलेलीच होती.

४

शंका आली की प्रयोग करायचा, एवढं वर्दियाला शिकवलं गेलं होतं. तिने टेबलावर तीन काचेची भांडी मांडली, पाणी भरलं, दोन दुसऱ्या मुठी आणि तिसऱ्यात ही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या दोघी छान उलगडल्या. फांद्यांच्या आतल्या बाजूला बारीक शेंगा दिसायला लागल्या, प्रत्येक शेंगेला दोन कानांसारखे पंख. याच कानांवरून ही जात ओळखायची.

तिसरी मिटत गेली. पाण्यात पडताना उघडी होती, ती हळूहळू अंग चोरत गेली आणि शेवटी अशी आवळली की तिच्यावरचे बुडबुडेसुद्धा आत अडकले.

वर्दियाने ती बाहेर काढून खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हात ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसली. बाहेरचं ऊन पांढरंफटक होतं. कुठे कुत्रं भुंकत नव्हतं. लाकूड सुकलं, आणि कुरकुरत मूठ उघडायला लागली.

असं होऊ शकतं का? फांदीच्या एका बाजूच्या पेशी जास्त पाणी पितात, म्हणून ती वळते. जर या एकाच झाडात त्या उलट बाजूला असल्या तर? निसर्गात दोन डोक्यांची वासरं जन्मतात. एखादं झुडूप उलटं निपजलं तर त्यात काय एवढं? विचार ठीक होता. फक्त तेवढ्यात तिची छाती पुन्हा भरून आली, आणि दूध कुशीवरून ओघळून कमरेपर्यंत गेलं. ते काही थांबेना.

त्या दिवशी ती पाणी प्यायली नाही, की निवलेल्या चहाला हात लावला नाही. सी लार्बी दारातून म्हणाले, "पोरी, घरी जा आता." ती हो म्हणाली आणि बसून राहिली.

मूठ पूर्ण उघडल्यावर तिने वाकून आत पाहिलं. मधोमध, जिथे खोडाची करडी गाठ असायला हवी होती, तिथे काहीतरी फिकट, ओलसर होतं. नखाएवढं. भिंग हाताशीच पडलं होतं. तिने ते उचललं नाही. इतकी वर्षं जे दिसलं ते भिंगाखाली धरून, मोजून, नाव देऊन मोकळी होणारी बाई ती, तिला त्या क्षणी कळलं की पाहिलं तर याला काहीतरी म्हणावं लागेल.

तिने डाव्या हाताची करंगळी आत घातली.

फांद्या मिटल्या. घाई न करता, एकामागून एक, आणि जितक्या घट्ट मिटायला हव्या तितक्याच.

५

वेळ झाली तरी ती आली नाही म्हणून तय्यब केंद्रात आला. तो शाळेत गणित शिकवायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे घरीच असायचा. खोलीत ती त्याला पाठमोरी दिसली. हात टेबलावर, अंगरखा पुढून भिजलेला.

"वर्दिया, काय झालं? हाताला काय झालं?"

"काही नाही. धरलंय तिने."

त्याने जवळ येऊन पाहिलं. मग वर्गात अवघड गणित सोपं करून सांगतात त्या आवाजात म्हणाला, "वाळली की मिटते ना ही? तूच मला सांगितलं होतंस. वाळलीय म्हणून मिटलीय. थोडं पाणी घालू."

"पाण्याने आणखी आवळते."

"मग तोडून काढू."

"तय्यब," ती म्हणाली, "हात लावलास तर बघ."

तो मागे सरला. मग कपाटाला टेकून खाली बसला आणि डोकं हातात धरलं. "मला तू पण हवी आहेस गं," तो म्हणाला. "मी तिला एकट्याने नेलं. खड्डा एवढासा होता. मी कुणाला सांगितलं नाही किती एवढासा होता ते. आता तू अशी बसलीस तर मी काय करू?"

वर्दियाला त्याच्याकडे जायचं होतं. हात सुटत नव्हता. खरं म्हणजे ती ओढतच नव्हती.

शेवटी तो जाऊन आईला घेऊन आला. लल्ला मबरूकांनी त्या इमारतीत आजवर पाऊल टाकलं नव्हतं. डांबरगोळ्यांच्या वासाने त्यांनी ओढणी नाकाला लावली, कपाटांच्या रांगा पाहिल्या, "यातली सगळी मेलेलीच का गं?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुनेच्या हातावर वाकल्या.

"सोड आता," त्या हळू म्हणाल्या. "सोड गं बाई. दमली ती."

"मी नाही धरलेलं, लल्ला."

"तुला नाही म्हणत मी."

फांद्या सैल झाल्या. वर्दियाने करंगळी बाहेर काढली. तिच्यावर वळ नव्हता. बोट फक्त गरम होतं, कुणाच्या तरी तोंडातून काढल्यासारखं.

लल्लांनी ती मूठ डोक्यावरच्या ओढणीत बांधली आणि गाठ मारली. "लांब नेऊन ठेवा. आत्ताच जा, ऊन आहे तोवर. आणि काही झालं तरी घरात आणायची नाही."

"यम्मा, झाड आहे ते," तय्यब म्हणाला.

"झाड असेल तर उत्तमच." त्या वर्दियाकडे वळल्या. "पोरी, मी पाण्याशी बसून होते ना, मी बघितलंय. तिला यायचं होतं तेव्हा येता आलं नाही. आता इतक्या उशिरा जे येतंय, ते आपलंच असेल असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही."

६

गावाबाहेर कोरड्या नदीचं रुंद पात्र होतं. तय्यबने जुनी प्यूजो गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. दोघं गोट्यांवरून चालत गेले. कफ मरियम उगवते ती अशाच जागी.

लोकांना वाटतं, ही मूठ वाऱ्यावर गडगडत रानोमाळ फिरते. तसं होत नाही. वर्दियाने त्या उन्हात चालता चालता तय्यबला सांगितलं, काहीतरी बोलायला हवं म्हणून. झाड मरतं, पण मूळ जमीन सोडत नाही. बिया मुठीत आवळून ते जागच्या जागी वर्षानुवर्षं उभं राहतं. पाऊस येईल तेव्हा एकेक करून सोडतं.

"मेल्यावरसुद्धा?" तय्यबने विचारलं.

"मेल्यावरच."

तिने ओढणीची गाठ सोडली. मूठ मिटलेली होती. हिला मूळ नव्हतं, म्हणून तिने ती खडीत थोडी रोवली आणि पडू नये म्हणून भोवती गोट्यांचं कडं केलं. गोटे रचताना एखाद्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसे तिचे हात चालत होते. ते तिच्या लक्षात आलं आणि ती उठली.

मागे वळून बघायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी दोघांनीही पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर तिची छाती भरून आली. ती उभी राहिली.

"ऐकलंस?"

"काय?" तय्यब न थांबता म्हणाला. "वारा आहे."

वारा नव्हता. त्याची पावलं भराभर पडत होती, आणि गाडीपाशी पोहोचेपर्यंत किल्ली त्याच्या हातातून दोनदा खाली पडली.

७

त्यानंतर घर बरं चाललं. वर्दिया कामावर जायची, कपाटं उघडायची, लावायची. दूध थांबलं. लल्लांनी अंगण धुऊन घेतलं, शेजारणींना चहाला बोलावलं, सुनेला खजूर निवडता येत नाहीत म्हणून चारचौघींत टोमणेही मारले. सगळे आपापल्या जागी परतल्यासारखं वाटत होतं.

तय्यबचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. शुक्रवारी दुपारी कुसकुसचं, वाफवलेल्या रव्याचं, मोठं ताट मध्ये होतं. तो चमचा तसाच धरून बसला होता.

"काल वारा फार सुटला होता," तो म्हणाला.

लल्लांनी मांसाचा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला.

"गोटे हलके होते. पडली असेल ती. एकदा बघून येऊ नुसतं."

लल्लांनी चमचा खाली ठेवला. मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून आतल्या खोलीत गेल्या.

गाडी त्याच जागी उभी राहिली. ऊन इतकं होतं की लांबचे गोटे पाण्यात असल्यासारखे हलत होते. कडं वर्दियाला लगेच सापडलं. गोटे बाहेरच्या बाजूला ढकललेले होते, सगळीकडे सारखे. मधे मूठ नव्हती. वाऱ्याने गेली, तिच्या मनात आलं, पण वाऱ्याने गोटे एकाच बाजूला ढकलले असते.

कड्यापासून पुढे, गोट्यांच्या मधल्या बारीक धुळीत, खुणा होत्या. छोट्या, दोन दोन, जवळ जवळ. त्यांच्या मागे काहीतरी ओढत नेल्यासारखे दोन उथळ पट्टे. मध्येच थांबून, बसून, पुन्हा निघाल्यासारख्या. झाडांची बाई मी, तिने स्वतःला सांगितलं, जनावरांच्या खुणा मला कुठल्या कळणार? पण एका ठिकाणी धूळ अगदी मऊ होती, आणि तिथे इवलासा तळहात उमटला होता. त्याची बोटं पसरलेली होती.

खुणा रस्त्याकडे जात होत्या. मागच्या वेळी गाडी उभी केली होती, तिकडे.

वर्दिया चपलेने धूळ सारखी करायला लागली. तय्यबने हे बघू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो आधीच मोडलाय, त्याला हे सोसायचं नाही. ती पाय घासत एकेक खूण पुसत रस्त्यापर्यंत आली आणि तिने मान वर केली.

तय्यब गाडीशेजारी पाठमोरा उभा होता. बुटाच्या टोकाने मागच्या दाराखालची माती सारखी करत होता. घाईघाईने, ती यायच्या आत उरकायला हवं अशा बेताने. तिची चाहूल लागल्यावर तो थांबला.

"सरडे," तो म्हणाला. "या दिवसांत फार असतात."

"हो," वर्दिया म्हणाली. "सरडेच."

दोघं तसेच उभे राहिले. त्याच्या गालांवर धूळ होती आणि धुळीतून ओघळ उतरले होते. तिच्या अंगरख्याची पुढची बाजू पुन्हा भिजत होती, पण तिने ती झाकली नाही, आणि त्यानेही नजर वळवली नाही.

मग तय्यबने मागचं दार उघडलं. काही ठेवायचं नव्हतं, काही काढायचंही नव्हतं. तो दार धरून थोडा वेळ उभा राहिला, लहान मूल चढेपर्यंत बाप उभा राहतो तसा, आणि मग दार अगदी अलगद लावलं.

परतीचा रस्ता लागला. गाडी त्याने इतकी सावकाश चालवली की मागून येणाऱ्या एकाने भोंगा वाजवून शिवी घातली. प्रत्येक खळगा त्याने हळूच पार केला. वर्दिया समोरच्या काचेकडे बघत बसली होती. आरशाकडे दोघांचीही नजर गेली नाही.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा लल्ला मबरूका दारात उभ्या होत्या. दोन्ही हात चौकटीला लावून, कुणाला आत येऊ द्यायचं नाही अशा उभ्या. दोघं उतरून चालत आले. लल्लांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग त्यांची नजर त्यांच्या मागे, खाली, जमिनीलगत गेली आणि तिथेच राहिली.

त्यांचे ओठ हलले. एक हात चौकटीवरून सुटला, मग दुसरा.

त्या दारातून बाजूला झाल्या.